ट्रॉलीला नंबर नसतो

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपोआप साचतात. दिवसभर आम्ही दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतो. कोणाला काय हवं, कोणाला काय नको, काल कोण काय म्हणालं आणि आज कसं फिरलं. त्यातलं कामाचं असतं ते डॉक्युमेंटमध्ये जातं आणि ते कोणीही वाचत नाही. बिनकामाचं उरतं ते मी लॅपटॉपवर ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. ते मात्र लोक मागून मागून वाचतात!

गेल्या वर्षी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने आम्हाला ‘रेलेव्हंट’ करायचं ठरवलं, म्हणजे नव्या काळात टिकण्याच्या लायकीचं. तेव्हापासून तर हा फोल्डर उतू चाललाय.

* * *

आधी माझी ओळख. मी मेघा ढोबळे. मूळची अकोल्याची, नऊ वर्षांपासून इंदूरला. हुद्दा बिझनेस अ‍ॅनालिस्ट. स्नेहलतागंजमध्ये भाड्याने राहते. घरमालकीण बापटकाकू चार पिढ्यांपासून इंदूरच्या, त्यामुळे त्यांच्या मराठीला निम्मी हिंदी लागतेच.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी विचारलं, “तू नेमकी करते काय ग ऑफिसात?”

मी उत्साहाने सांगितलं, “लोकांना प्रश्न विचारते काकू. त्यांना काय पाहिजे ते समजून घेते आणि आत बसलेल्यांना सांगते.”

“बस? दिवसभर हेच?”

“हो.”

“अच्छा अच्छा. समझ गई.”

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे शर्माजी दारात उभे. हातात बॅग, पायात बूट. “बेटा, अकोला वाली गाड़ी लेट तो नहीं है?”

मी म्हटलं, मला काय माहीत! तर काकू मागून म्हणाल्या, “अग सांग ना त्यांना. स्टेशनवर इन्क्वायरी की खिड़की में बसते ना तू!”

स्टेशन आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. काकूंचा हिशेब तसा बरोबर होता. नऊ वर्षं झाली, गल्लीतले चार जण अजून मला गाड्यांच्या वेळा विचारतात. आता त्या मला पाठ आहेत. कंपनीच्या आधी माझा कौशल्यविकास गल्लीनेच केला!

* * *

आमची टीम पाच जणांची, पण या किश्श्यांना तिघं पुरेत. एक मी. दुसरी ऐश्वर्या, पंचवीस वर्षांची, इंदूरचीच मराठी, जिभेला हाड नाही आणि डोक्याला ताप नाही. आणि तिसरे वानखेडे सर.

सर महूचे. आजोबा फौजेत, वडील फौजेत. सर चष्म्यामुळे राहिले, पण फौज अंगात मुरलेली. पांढरा शर्ट कायम खोचलेला, हातात निळी डायरी, खिशात दोन पेनं. एक ऐन वेळी दगा देतं म्हणून दुसरं. वय चौपन्न.

त्यांची कामाची पद्धत आम्हा सगळ्यांहून वेगळी होती. क्लायंटशी मीटिंग ठरली की ते आधी त्याच्या गेटवर जाऊन बसत. याला ते फौजी भाषेत ‘रेकी’ म्हणत. ‘तुम्हाला काय पाहिजे’ हा प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला विचारला नसेल. ते म्हणत, “आत्ता कसं करता? करून दाखवा.” मग समोरचा तावातावाने तक्रारी करू लागला, अगदी शिव्या देऊ लागला, तरी सर शांतपणे डायरी उघडत. “सावकाश सांगा. लिहून घेतो.”

शिव्यासुद्धा लिहून घेत. खरी गरज तिथेच असते म्हणे.

तर एक दिवस आमच्या डिलिव्हरी हेडने, म्हणजे मोठ्या साहेबांनी, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. हे लोढाजी. जन्माने इंदूरचे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच देतात. पडद्यावर एक भला मोठा तक्ता. उभ्या रांगेत आमची नावं, आडव्या रांगेत चोवीस कौशल्यं आणि प्रत्येक चौकोनाला रंग. हिरवा म्हणजे येतं. पिवळा म्हणजे येईल. लाल म्हणजे येत नाही.

“फ्रेंड्स, ये स्किल मॅट्रिक्स है,” लोढाजी म्हणाले. “तिमाही के एंड में जिसकी लाइन लाल रही, उसको कंपनी नए अवसरों के लिए फ्री कर देगी।”

माझी ओळ पिवळी होती. वानखेडे सरांची, हातगाडीवर टोमॅटो मांडावेत तशी लालेलाल. हॉलमध्ये कोणी कोणाकडे बघेना.

आता इंदूरच्या माणसाला कचरा वेगवेगळा करायची सवय अशी लागली आहे की तो स्वप्नातही डबा बघून टाकतो. ऐश्वर्या शेजारणीला म्हणाली (इंदुरात भैयाचा ‘भिया’ होतो आणि तो बाईलाही चालतो), पण पूर्ण हॉलला ऐकू गेलं, “भिया, ही तर कचरागाडी झाली! गीला, सूखा आणि घातक!”

हशा थांबल्यावर लोढाजींनी विचारलं, “एनी क्वेश्चन्स?”

वानखेडे सरांनी हात वर केला आणि डायरी उघडली. “हे रंग कोणी दिले?”

“सिस्टम ने।”

“सिस्टम कसे देतो? करून दाखवा.”

लोढाजींनी घड्याळ पाहिलं. “वानखेडेजी, इसपे ऑफलाइन बात करते हैं।”

ती बात आजतागायत झालेली नाही.

* * *

लालाचं पिवळं आणि पिवळ्याचं हिरवं करायचं तर कोर्स करायचे. त्यासाठी दर शुक्रवारी चार ते पाच ‘लर्निंग अवर’. पूर्वी त्या वेळात ऑफिसात कचोरी यायची. आताही येते, फक्त समोर व्हिडिओ चालू असतो.

ऐश्वर्या चार टॅबमध्ये चार कोर्स एकदम लावायची, दुप्पट वेगाने, आवाज बंद करून. “मेघाताई, सिस्टम फक्त हे बघतो की व्हिडिओ चालू आहे का. मी बघून राहिली की नाही, त्याला काय लेना-देना?”

असं करता करता एका शुक्रवारी तिला सर्टिफिकेट आलं. ‘प्रभावी श्रवणकौशल्य: उच्च स्तर’. आवाज बंद ठेवून मिळवलेलं! लोढाजींनी तिचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली टाळ्यांच्या खुणांची रांग लागली.

वानखेडे सरांनी तोच कोर्स घेतला होता. ते दर वाक्याला व्हिडिओ थांबवत आणि लिहून घेत. शंका आली की खालच्या चौकटीत प्रश्न टाकत. ‘आपण म्हणालात, ऐकताना मान डोलवावी. समोरचा चुकीचं सांगत असेल तरीही का?’ शिकवणारा कोण, कुठला, हयात आहे की नाही, देव जाणे. उत्तर आलं नाही. दीड महिना झाला तरी सर अकरा टक्क्यांवर.

मी म्हटलं, “सर, पुढे ढकला ना व्हिडिओ. सगळे ढकलतात.”

“अग बेटा, शिकायचंय ना आपल्याला? मग पुढे ढकलून कसं चालेल?”

मी माझा व्हिडिओ पुढे ढकलला.

* * *

मग गुरुग्रामहून एक कोच आणला. पांढरे बूट, डोक्यावर उलटी टोपी, दोन दिवसांची वर्कशॉप. त्याचं म्हणणं असं की क्लायंटला लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’ला त्याची मूळ गरज हाती लागते.

प्रात्यक्षिकासाठी खरा क्लायंट हवा, म्हणून परदेशीपुऱ्यातल्या एका रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात आमची वरात गेली. मालक पिंटू भिया. त्यांना रोज सकाळी आठला प्रॉडक्शनचा रिपोर्ट हवा होता, बारा रकान्यांचा.

कोच पुढे झुकला. “रिपोर्ट आठ बजे क्यों चाहिए?”

“पापाजी देखते हैं।”

“पापाजी क्यों देखते हैं?”

“शुरू से देखते हैं।”

“शुरू से वही क्यों?”

“अरे, मालिक हैं भिया!”

“ओके. वही मालिक क्यों?”

पिंटू भियांनी आमच्याकडे पाहिलं. हा माणूस बरा आहे ना, असा चेहरा. मग म्हणाले, “क्योंकि दादाजी का एक ही लड़का था।”

कोचने पाचव्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात ऐश्वर्याने त्याचा हात धरला. “सर, राहू द्या. हा वाला दादीजींना विचारावा लागेल!”

या सगळ्यात वानखेडे सर कुठे होते? ते मधल्या मधे उठून पापाजींच्या खोलीत जाऊन बसले होते. “रिपोर्ट आल्यावर काय करता? करून दाखवा.” पापाजींनी करून दाखवलं. कागद घेतला, उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला! आकड्यांशी त्यांना काही घेणं नव्हतं. आठला कागद आला म्हणजे कारागीर वेळेवर आले आणि पिंटू अंथरुणातून उठला, एवढीच त्यांना खात्री हवी होती.

बारा रकाने गेले. रोज आठ वाजता पापाजींच्या फोनवर कारखान्यातून एक मेसेज जाऊ लागला, ‘चालू हो गया’. पापाजी खूश झाले. कप ठेवायला मात्र त्यांनी वेगळा कागद मागितला.

आमच्या मॅट्रिक्समध्ये अशा कामासाठी चौकोनच नव्हता. वर्कशॉपमधून मधेच उठल्याबद्दल सरांचा आणखी एक चौकोन लाल झाला.

* * *

त्यानंतर एआय आलं. मीटिंग ऐकून आपणच मिनिट्स लिहिणारं आणि विचारलं की अख्खं डॉक्युमेंट काढून देणारं. नाव ‘सहायक’. “अब डायरी की ज़रूरत नहीं पड़ेगी,” असं लोढाजी वानखेडे सरांकडे बघत म्हणाले. सरांनी ते डायरीत लिहून घेतलं.

सहायकची पहिली मीटिंग सोमवारी, सांवेरजवळच्या एका सोयाबीन प्लांटबरोबर. क्लायंट कॉलवर, आम्ही ऑफिसात. आता इंदूरमधली सकाळची मीटिंग म्हणजे पोहे समोर आल्याशिवाय कोणाची जीभ हलत नाही. त्या दिवशी पोहे आले आणि शेव संपलेली. लोढाजी हळहळले, “अरे, सेव कहाँ है यार? बिना सेव के कोई पोहा होता है? अगले सोमवार मैं खुद लाऊँगा।”

संध्याकाळी सहायकने सगळ्यांना मिनिट्स पाठवली, क्लायंटसकट. ‘मुद्दा एक: सेव उपलब्ध नाही. परिणाम: गंभीर. जबाबदारी: लोढाजी. मुदत: सोमवार.’ मीटिंगमध्ये कामाचं जे बोलणं झालं, ते शेवटी एका ओळीत, ‘इतर चर्चा’!

क्लायंटकडचे प्लांट मॅनेजर पटेल साहेब म्हणजे सरळ माणूस. त्यांना वाटलं, प्रोजेक्टचाच भाग असेल. त्यांनी उलट टपाली कळवलं, ‘स्वीकृत। लौंग वाली।’

झालं! क्लायंटने मंजूर केलेली रिक्वायरमेंट. ती पूर्ण केल्याचा पुरावा जोडल्याशिवाय सिस्टम पुढचं काही उघडू देईना. सोमवारी लोढाजी अर्धा किलो लौंग सेव, म्हणजे लवंग घातलेली शेव, घेऊन आले, पुडा टेबलावर ठेवून फोटो काढला, जोडला.

आमच्या टीमने मुदतीत पूर्ण केलेली ती पहिली रिक्वायरमेंट.

* * *

याच सोयाबीन प्लांटचं पुढे ऐका. हंगामात शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या घेऊन येतात आणि गेटबाहेर लांबलचक रांग लागते. ती रांग आम्ही मोडणार होतो. शेतकऱ्याला मोबाईलवर टोकन, गेटवर नंबर वाचणारा कॅमेरा, आपोआप उघडणारा दांडा.

वानखेडे सर रेकीला गेले. पावसाळ्याचे दिवस, शेतकऱ्यांचा राखून ठेवलेला माल तेवढा येत होता. सर तीन दिवस गेटवर बसले. आम्ही एसीत बसून सहायकला विचारलं. त्याने दहा मिनिटांत दीडशे पानं काढली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत, ‘प्रत्येक वाहनाचा नंबर अनिवार्य.’

चौथ्या दिवशी सर चिखलाचे बूट घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि डायरी पुढे केली. एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. ‘ट्रॉलीला नंबर नसतो.’

“म्हणजे काय, सर?”

“बघ बेटा. शेतकरी ट्रॅक्टरने ट्रॉली आणतो, रांगेत सोडतो आणि ट्रॅक्टर घेऊन परत जातो. दुसरी आणतो. मग शेजाऱ्याची आणतो. ट्रॅक्टर एक, ट्रॉल्या तीन. नंबर फक्त ट्रॅक्टरला. आत जातानाही तसंच. पहिली ट्रॉली आत सोडली की ट्रॅक्टर दुसरीला आणायला बाहेर येतो. पण तुमच्या कागदाप्रमाणे, रिकामी ट्रॉली वजन करून निघेपर्यंत तो आतच आहे. मग दुसरी ट्रॉली आत जाणार कशी?”

मला सगळं कळलं. न कळण्यासारखं त्यात होतंच काय? मी डायरीच्या पानाचा फोटो सहायकला दिला. त्याने सांगितलं, ‘हे स्वरूप मान्य नाही.’ ठरलेल्या फॉर्ममध्ये ट्रॉलीसाठी जागा नव्हती. लोढाजींकडे जाऊन भांडायला हवं होतं. मी ती ओळ दीडशेव्या पानावर ‘इतर’ या मथळ्याखाली टाकली. दीडशेव्या पानापर्यंत कोणी पोहोचत नाही, हे मला नऊ वर्षांपासून ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एकमेकांना क्रम द्यायचा फॉर्म आला. टीममध्ये पहिला कोण, पाचवा कोण. दोघांना एक क्रम देता येत नव्हता. कोणाला तरी तळाला ठेवावंच लागणार होतं, आणि माझी ओळ अजून पिवळीच होती. मी वानखेडे सरांना पाचवं ठेवलं. ज्या माणसाने मला पहिल्या वर्षी प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं, त्याला. ‘सबमिट’ दाबलं आणि पोहे खायला निघाले. गेले मात्र नाही, जिन्यात उभी राहिले. तेव्हा लाज वाटली, आजही वाटते.

यात हसण्यासारखं काही नाही. फोल्डरमध्ये आहे म्हणून सांगितलं.

* * *

तिमाही संपली. आमच्याकडे माणसाला काढत नाहीत, केक कापतात. केकवर लिहिलं होतं ‘नई उड़ान’.

लोढाजी गहिवरून म्हणाले, “वानखेडेजी इस कंपनी की धरोहर हैं।” धरोहर केक खात होती आणि एचआरची तन्वी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेत होती.

सरांना दोन शब्द बोला म्हटलं, तर ते म्हणाले, “घरी अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते आधी लिहून काढतो.” एवढंच.

साडेचारला त्यांनी लॅपटॉप जमा करायला आणला. तेवढ्यात त्यावर घंटी वाजली. ‘अभिनंदन! प्रभावी श्रवणकौशल्य: शंभर टक्के पूर्ण.’ सर सकाळपासून बसून तो कोर्स संपवत होते. एक सेकंदही पुढे न ढकलता!

तन्वी गोंधळली. “सर, याची आता काय गरज होती?”

“सुरू केलं होतं ना. अर्धवट कसं सोडणार?”

मॅट्रिक्समध्ये त्यांचा एक चौकोन हिरवा झाला. दहा मिनिटांनी त्यांची पूर्ण ओळच राखाडी झाली.

लिफ्टपाशी ते मला म्हणाले, “मेघा बेटा, ट्रॉलीची ती ओळ टाकलीस ना?”

“टाकली, सर.”

खोटं नव्हतं बोलले. पण त्यांच्याकडे बघवलं नाही.

* * *

नवीन सोयाबीन बाजारात आलं आणि प्लांटवर आमची सिस्टम सुरू झाली. सकाळी दहाला उद्घाटनाचे पेढे वाटले, अकराला मला पटेल साहेबांचा फोन.

“मॅडम, वो डायरी वाले साहब कहाँ हैं? उनको भेजो।”

“ते आता आमच्याकडे नाहीत. लोढाजी बोलले असतील ना तुमच्याशी?”

“बोले। कह रहे थे, सहायक से पूछ लो। मॅडम, सहायक बोलता है गाड़ी अंदर है। गाड़ी मेरे सामने बाहर खड़ी है! उन साहब का नंबर दो।”

मी नंबर दिला. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी आम्हाला तिकडे बोलावणं आलं. गाडीत लोढाजी, ऐश्वर्या आणि मी. “यूज़र ट्रेनिंग का इश्यू है,” लोढाजी वाटभर सांगत होते. “किसान को टेक्नॉलॉजी समझने में टाइम लगता है।” प्लांटच्या दोन किलोमीटर अलीकडेच ट्रॉल्यांची रांग लागली, आणि उरलेला रस्ता आम्ही तिच्या कडेने चालत गेलो. लोढाजींच्या चकचकीत बुटांनी तेव्हाच मान टाकली.

गेटपाशी कडुलिंबाच्या झाडाखाली टेबल-खुर्ची मांडलेली. खुर्चीत पांढरा खोचलेला शर्ट, टेबलावर निळी डायरी, गळ्यात प्लांटचं नवं कोरं ओळखपत्र.

लोढाजी थबकले. “अरे वानखेडेजी! आप यहाँ?”

“नोकरी,” सर म्हणाले. “परवापासून.”

पटेल साहेब पुढे आले. “अब हमारी तरफ़ से यही देखेंगे। आपका काम पास हुआ कि फेल, ये बताएँगे।”

“भिया रे!” ऐश्वर्या पुटपुटली. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि थोडेसे हसले.

लोढाजी लगेच सावरले. लॅपटॉप उघडत म्हणाले, “बढ़िया! तो मैं एक छोटा सा प्रेज़ेंटेशन दे देता हूँ।”

“प्रेझेंटेशन राहू द्या,” सर म्हणाले. “टोकनने ट्रॉली आत कशी जाते? करून दाखवा.”

पटेल साहेबांनी टोकनवाला फोन लोढाजींच्या हातात दिला. रांगेच्या तोंडाशी एका शेतकऱ्याच्या तीन ट्रॉल्या होत्या. ट्रॅक्टर पहिलीला जोडला, कॅमेऱ्याने नंबर वाचला, दांडा वर गेला, ट्रॉली आत. लोढाजी आमच्याकडे वळून हसले. ट्रॉली आत सोडून ट्रॅक्टर मोकळा बाहेर आला, दुसरीला जोडला, गेटवर आला. लोढाजींनी फोन पुढे धरला. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘यह वाहन पहले से अंदर है।’

दांडा हलला नाही.

लोढाजींनी परत केलं. पडद्यावर तेच. ट्रॅक्टर मागे घ्यायला लावला, पुढे घ्यायला लावला, कॅमेऱ्याची काच स्वतःच्या रुमालाने पुसली. तेच. माथ्यावर ऑक्टोबरचं ऊन, मागे दोन किलोमीटरचे हॉर्न. मागच्या ट्रॉलीवरून एक म्हातारे आजोबा ओरडले, “ओ साहब! चलाते नी बने तो हट जाओ!”

लोढाजींचा बांध फुटला. “अरे, क्या बकवास है ये! ट्रॉली मेरी आँखों के सामने खड़ी है और ये बोलता है अंदर है! किसने लिखा है ये सिस्टम? जिसने भी लिखा है, उसने ज़िंदगी में कभी ट्रॉली देखी भी है?”

ऐश्वर्या आपल्या चपला बघू लागली. मी दांड्याकडे बघत राहिले.

वानखेडे सरांनी डायरी उघडली. पहिलं पेन चाललं नाही. त्यांनी खिशातून दुसरं काढलं, पानावर एक रेघ ओढून बघितली आणि मान वर केली.

“सावकाश सांगा, लोढाजी. लिहून घेतो.”